परातीमागचा कौल

“होय की नाही ते सोमवारपर्यंत तारेनं कळवायचंय,” असं म्हणून चारूनं ते पत्र डाळीच्या डब्याखाली सारलं आणि माझ्या ताटात दुसरी भाकरी वाढली.

पत्रात काय आहे ते मला साधारण ठाऊक होतं. सावंतवाडीच्या पोस्टात तारेच्या खिडकीवर बसणारा माणूस मी. बायकोच्या नावाचं सरकारी पाकीट सकाळीच माझ्या नजरेखालून गेलं होतं. फोडलं नव्हतं हो, तेवढा नीच नाही मी. पण शिक्का अंदमानचा होता, आणि चारूनं मे महिन्यात तिकडे अर्ज टाकलेला मला माहीत होता. अशा अर्जांना कोण विचारतंय, म्हणून तेव्हा मी हसण्यावारी नेलं होतं.

“काय म्हणतायत?” मी आपलं अजाणतेपणाचं सोंग घेतलं.

“बोटीवरचा दवाखाना आहे. बेटाबेटांवर फिरायचं, तापबीप बघायचा, बाळंतपणं करायची. तीन वर्षं.”

“मग जा की!”

हे ‘जा की’ मी कसं म्हटलं असेल, ते लग्न झालेल्यांना सांगायला नको. चारू आमच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. आठ वर्षांचा संसार, मूलबाळ नाही, घरात आम्ही दोघंच. ती तीन वर्षं गेली तर मी त्या घरात काय करणार होतो, भिंती मोजणार होतो?

“तुम्हीपण बदली मागा ना,” ती म्हणाली. “तिथं पोस्ट नसेल होय?”

“मी? अंदमानात?”

कोल्हापूरच्या पुढे मी उभ्या जन्मात गेलेलो नव्हतो. घाट चढतानाच माझ्या पोटात ढवळायला लागायचं आणि कधी एकदा परत उतरतो असं व्हायचं. हे चारूला पक्कं ठाऊक होतं.

“रविवारी वरच्या गावात तर आम्हाला सात समुद्र फिरवता.”

“ते वेगळं.”

“वेगळं कसं?” ती माझ्याकडे बघत राहिली. मग तवा उतरवून म्हणाली, “बरं. रविवारीच विचारू मग. भागी विचारील कौल.”

मी ताटातली भाकरी उगाच कुस्करत बसलो.

आता हे वरचं गाव काय नि भागी कोण, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. कामत सर म्हणून आमच्या शाळेत विज्ञानाला होते. त्यांचा भाचा बोटीवर नोकरीला. त्यानं परदेशातून एक खेळाचं पुस्तक आणलं. पाच-सहा जणांनी बसायचं, प्रत्येकानं एक वेगळाच माणूस व्हायचं, एकानं गोष्ट पुढे न्यायची, आणि अडलं की फासा टाकायचा. सरांनी त्यातले राक्षस नि तलवारी काढून टाकल्या, फासा ठेवला, आणि त्याची साधना केली. खेळातल्या त्या जगाला ते वरचं गाव म्हणायचे. हसू नका. मीही पहिल्या रविवारी हसलो होतो.

“माणूस एकाच जन्मात अडकून बसतो म्हणून त्याला सगळं दुखतं,” सर म्हणायचे. “दोन तास दुसऱ्याचा जन्म जगा. सोमवारी आपला हलका लागेल.”

आणि लागायचा, खरंच लागायचा. चितारआळीत लाकडी खेळणी करणारा इनास रॉड्रिग्ज वर्षभर एका म्हाताऱ्या विधवेचा जन्म खेळला, आणि एका सोमवारी उठून, तीन वर्षं जिचं तोंड पाहिलं नव्हतं त्या स्वतःच्या आईला भेटायला मळगावला गेला. सुमतीबाई तेरसे निवृत्त मुख्याध्यापिका. त्या तिथं हैबती नावाचा चोर होत्या. “आयुष्यभर पोरांना खोटं बोलू नका म्हणून बडवलं, आता जरा चोरी करू दे मला,” असं म्हणून त्या पदर खोचून बसायच्या. आणि माझी चारू तिथं भागी तांडेलीण होती. स्वतःची होडी, स्वतःचं शीड, खाडीच्या तोंडापासून ते कुणी न बघितलेल्या बेटांपर्यंत जाणारी. भागी झाली की चारूचा आवाजच बदलायचा, खांदे मागे जायचे. खरं सांगायचं तर मी भागीला थोडा भीत असे, आणि रविवारची वाटही तिच्यासाठीच बघत असे.

सर वारल्यावर गोष्ट सांगायची जागा माझ्याकडे आली. त्यांची पितळी परात, फासा आणि पुस्तकांचं काचेचं कपाट, हेही माझ्याकडे आलं. परात दोन विटांना टेकवून टेबलावर उभी करायची आणि तिच्यामागे, कोणाला दिसणार नाही असा, फासा टाकायचा. फासा इनासनं केलेला, अंगठ्याएवढा. तीन बाजू लाल लाखेच्या, तीन पिवळ्या. लाल म्हणजे उजवा कौल, होय. पिवळा म्हणजे डावा, नाही. देवळात पाषाणाला चिकटवलेली कळी उजवीकडे पडते की डावीकडे ते बघतात, तसंच. पडलेला रंग फक्त परातीमागचा माणूस बघणार आणि तोंडानं सांगणार. आणि सांगितलेला कौल कोणी मोडायचा नाही.

“सगळ्यांनाच दिसू दे की, लपवायचं कशाला?” मी एकदा सरांना विचारलं होतं.

“तीच तर साधना आहे, विश्राम,” सर म्हणाले होते. “त्यांनी विश्वास ठेवायचा, आणि मागच्यानं कोणीच नसायचं. परातीमागे बसणारा कोणाचा बाप नसतो, कोणाचा नवरा नसतो. ते जमेल त्यानंच बसावं.”

मला जमत होतं. दोन वर्षं मी परातीमागे बसलो आणि एकदाही रंग बदलून सांगितला नाही. सुमतीबाईंचा हैबती पकडला गेला तेव्हा त्या घळघळा रडल्या, तरी मी पिवळा म्हणजे पिवळाच म्हटलं. त्याचा मला अभिमान होता. माझ्याकडे अभिमान धरण्याजोगं दुसरं होतं काय?

रविवारी तीनला सगळे आमच्या घरी आले. पायरीवर चपला काढल्या. सरांच्या रीतीप्रमाणे प्रत्येकानं चपलांबरोबर आपलं नावही तिथंच ठेवलं. म्हणजे उंबऱ्यात उभं राहून नाव मोठ्यानं उच्चारायचं आणि मग आत यायचं. परत जाताना बाकीच्यांनी त्या नावानं तीनदा हाक मारायची, आणि ज्याचं त्यानं ‘इलंय’, म्हणजे आलोय, असं म्हणून ते पुन्हा अंगावर घ्यायचं. चारूनं उंबऱ्यात आपलं नाव जरा हळूच घेतलं असं मला वाटलं.

मी देवाला गाऱ्हाणं घातलं. “बा म्हाराजा, ह्या तीन जणांनी आपली नावां दारात काढून ठेवली हत. तेंका वरच्या गावात वाट दाखय, आनि सुखरूप माघारी धाड.”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले.

चारू नेहमीप्रमाणे माझ्या समोर बसली. मध्ये टेबल, टेबलावर परात. माझ्या पाठीशी सरांचं कपाट.

“भागी,” मी सुरू केलं, “खाडीच्या तोंडाशी तुझी होडी तयार आहे. लांबच्या बेटांवरून निरोप आलाय, तिथं तापाची साथ आहे. ज्याला औषध कळतं नि होडी वल्हवता येते, असं माणूस हवंय.”

हे सांगायचं नाही, असं मी रात्रभर घोकलं होतं. पण चारूचे डोळे समोर होते, आणि गोष्ट आपोआप तिकडेच गेली.

“किनाऱ्यावर कोण आहे?” भागीनं विचारलं.

“तुझा घरधनी आहे. जाळं विणत बसलाय.”

“काय म्हणतो तो?”

“काही म्हणत नाही.”

“काहीच नाही?”

इनास नि सुमतीबाईंनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना पत्राची खबर नव्हती, पण आज हवा वेगळी आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं.

“तो म्हणतो, जायचं तर जा,” मी म्हटलं.

“मनापासून म्हणतो?”

“ते भागीनं ओळखावं.”

भागीनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. “मला दोन्ही हवंय,” ती म्हणाली. “बेटंही हवीत आणि तो जाळं विणणाराही हवा. माझ्यानं ठरत नाही. कौल लाव. भागीनं जावं काय?”

मी फासा उचलला.

“टाक की रे, कित्याक थांबलंस?” इनास म्हणाला.

“गप रे,” मी म्हटलं, आणि परातीमागे, उजव्या हाताला, फासा टाकला.

लाल. एवढा लालभडक की त्यात शंकेला जागाच नव्हती. मला एकदम रिकामं घर दिसलं, दोरीवर एकट्याचा सदरा वाळत घातलेला. दोन वर्षं परातीमागे मी कोणीच नव्हतो. त्या क्षणी मी पुरता नवरा झालो, आणि तोही घाबरलेला.

“पिवळा,” मी म्हटलं.

“सुटले बाई!” सुमतीबाईंनी छातीवर हात ठेवला. “म्हटलं आता ही जाते की काय!”

चारू माझ्याकडे बघत होती. अगदी माझ्याकडे नव्हे, माझ्या खांद्याच्या जरा बाजूनं.

“नीट बघितलं?” तिनं विचारलं.

“बघितलं.”

“पिवळाच?”

“आता काय शपथ घेऊ?” मी उगाचच चिडलो, आणि फासा मुठीत घेतला.

“नको,” ती म्हणाली.

त्या दिवशी खेळ लवकर आटोपला. दारात हाका झाल्या. इनास ‘इलंय’ म्हणाला, सुमतीबाई ‘इलंय’ म्हणाल्या. चारुशीला म्हणून आम्ही तीनदा हाक मारली, पण ती तेवढ्यात चहाचे कप गोळा करून आत गेली होती. कपांचा आवाज ऐकू येत होता. बाईंना घाई होती, त्या गेल्या. इनासही चपला घालून गेला. मी तसाच उंबऱ्यात उभा राहिलो आणि मनाशी म्हटलं, ऐकू गेलं नसेल.

संध्याकाळी तिनं कुळथाची पिठी केली. मला आवडते म्हणून केली असं मी धरून चाललो, दोनदा मागून घेतली. पत्र डाळीच्या डब्याखाली होतं तिथंच होतं. झोपताना तिनं माझ्या अंगावर चादर सारखी केली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! चोराला चोरी पचली की वाटत असेल, तसलंच ते बरं वाटणं.

सोमवारी साडेदहाला माझ्या खिडकीसमोर चारू उभी. दवाखान्याच्या पांढऱ्या साडीत, हातात तारेचा भरलेला फॉर्म.

“हे काय?” मी विचारलं.

“तार करायची आहे.”

फॉर्मवर अंदमानचा पत्ता होता. खाली इंग्रजीत, तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं की मंजूर आहे, निघते.

“अगं, पण कौल...” माझा आवाज एवढा खाली गेला की मलाच ऐकू आला नाही. “कौल पिवळा पडला ना?”

“लाल पडला होता,” चारू म्हणाली.

तिच्या मागे रांगेत कोणी नव्हतं म्हणून बरं.

“सरांच्या घरी पाठीशी भिंत होती. तुम्ही कपाट आणलंत आणि पाठीशी लावलंत,” ती हळू आवाजात सांगत होती, दवाखान्यात पेशंटला समजावतात तसं. “माझ्या जागेवरून त्याच्या काचेत फासा दिसतो. तुमच्या उजव्या कुशीतून. पहिल्या रविवारपासून दिसतो.”

“दोन वर्षं? आणि बोलली नाहीस?”

“काय बोलायचं? तुम्ही दर वेळी खरं सांगायचात. मला ते बघायला आवडायचं. लाल पडायचा, तुम्ही लाल म्हणायचात. मला वाटायचं, हा माणूस असा आहे. दर रविवारी वाटायचं.”

मी पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

“काल लाल पडला,” ती म्हणाली, “तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. मला नकोच होता तो लाल, तेव्हाच कळलं. मी मनात म्हटलं, आता हे लाल म्हणतील, आणि मी म्हणेन, नाही जात मी. पहिल्यांदाच कौल मोडेन. सर वरून काय म्हणायचं ते म्हणोत.”

“मग झालं तर!” मी खिडकीतून जवळजवळ बाहेर आलो. “मला तरी दुसरं काय हवं होतं? चारू, मी भ्यालो गं. तू जाशील म्हणून भ्यालो.”

“मग तसं म्हणायचं ना,” ती म्हणाली, आणि तेव्हा पहिल्यांदा तिचे डोळे भरले. “शुक्रवारी म्हणायचं, भाकरी खाताना. जाऊ नको म्हणायचं. एवढंच हवं होतं मला. तुम्ही ‘जा की’ म्हणालात, आणि राहा हे देवाच्या तोंडानं सांगितलंत. राहायचं ते मी ठरवणार होते. तेवढंही तुम्ही माझ्या हातात ठेवलं नाहीत.”

“आता म्हणतो. जाऊ नको.”

“आता मला कसं कळणार, कुठला रंग आहे तो?”

मी खाली मान घालून बसलो. एक म्हातारा मनीऑर्डरची चौकशी करत आला, त्याला मी हातानंच पलीकडची खिडकी दाखवली.

“असं समजा,” चारू जरा वेळानं म्हणाली, “वरच्या गावात काल तुम्ही लाल म्हणालात. तिथं मी तुमच्याजवळच आहे. जाळं विणायला सुतळी धरतेय.”

“आणि इथं?”

“इथं तार करा.”

मी शब्द मोजले. बारा वर्षं रोज शब्द मोजत आलो होतो, त्या दिवशी चार वेळा चुकलो. पावती फाडून दिली. तिनं ती घडी करून पर्समध्ये ठेवली, दोन पावलं गेली आणि थांबली.

“काल हाक मारली होतीत ना?” ती वळून म्हणाली. “मला ऐकू आली होती. इलंय मी.”

आणि पोस्टाच्या पायऱ्या उतरून गेली. तार मीच पाठवली. एकही अक्षर चुकलं नाही.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. तीन वर्षांचा करार होता, तो तिनं पुढे पुढे वाढवून घेतला. भांडण नाही, काडीमोड नाही. चतुर्थीच्या सुमाराला तिचं पत्र येतं, दर वर्षी. कुठल्या बेटावर कोण बाळंत झालं, बोटीचं इंजिन कसं बंद पडलं, नारळ तिथले कसे गोड. आणि शेवटी दर वेळी एकच ओळ: मद्रासहून बोट असते. मी ती ओळ वाचतो, पत्र डाळीच्या डब्याखाली ठेवतो, आणि वर्षभर माझं पोट, माझी नोकरी, माझा घाट असली कारणं स्वतःला सांगत राहतो. नोकरी तर गेल्या मार्चमध्ये संपली. पोट अजून आहे.

सुमतीबाई वारल्या. त्या रविवारनंतर परात मी माळ्यावर टाकली होती. इनास मात्र अजून रविवारी येतो, चहा पितो, जातो. काल तो आला तेव्हा मी परात खाली काढून चिंचेनं घासून ठेवली होती.

“आज तू मागे बस,” मी म्हटलं.

“मी? माका काय येता?”

“काही यायला नको. मी विचारतो, तू रंग सांग. बस.”

तो कपाटाला पाठ करून बसला. मी उंबऱ्यात माझं नाव घेतलं आणि चारूच्या जागेवर बसलो. अकरा वर्षांत त्या जागेवर मी कधी बसलो नव्हतो, आणि त्याआधीही नाही. गाऱ्हाणं विसरलो होतो, जेवढं आठवलं तेवढं म्हटलं.

“एक माणूस आहे,” मी म्हणालो. “जाळं विणत किनाऱ्यावर बसलाय. त्यानं होडीत पाय ठेवावा काय?”

इनासनं फासा टाकला. त्याच्या उजव्या कुशीतून, काचेत, मला फासा अगदी स्वच्छ दिसला. पिवळा. आणि माझ्या पोटात असा खड्डा पडला की मी टेबलाची कड धरली. चारू म्हणाली होती तो हाच, हे मला अकरा वर्षांनी कळलं. मला नको होता तो पिवळा. मला जायचं होतं.

इनासनं फाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हातारा झालाय तोही, डोळे पाणावतात त्याचे.

“लाल,” तो म्हणाला.

“नीट बघितलंस?”

“बघितलंय तर! लाल, एकदम लाल. जा आता, मेल्या, किती वर्सां बसतलंस हय?”

“इनास, खोटं बोलतोयस.”

त्यानं गपकन फासा मुठीत घेतला आणि बावचळून मागे कपाटाकडे पाहिलं. काचेत त्याचंच तोंड त्याला दिसलं असणार. “व्हय,” तो म्हणाला. “मग? कौल मोडतलंस?”

“मोडतो,” मी म्हटलं. “पिवळा होता, तो मोडतो.”

मी उठलो आणि उंबऱ्यापाशी जाऊन उभा राहिलो. हाका मारायला एकटा इनासच होता. त्यानं रीतीनं, घसा खाकरून, माझ्या नावानं तीनदा हाक मारली.

“इलंय रे बाबा,” मी म्हटलं. “मद्रासची गाडी कुठून सुटते ते आधी सांग.”